हायब्रीड आणि माळ्यावरची खोकी

माझ्या माहेरी महाराष्ट्राला 'खाली' म्हणतात. नकाशात तो आमच्या खाली येतो, म्हणून खाली. "खालचे यजमान आलेत गं," असा वडिलांचा आवाज आला की आम्ही बहिणी ओळखायचो, सोलापूर-साताऱ्याकडून कुणीतरी श्राद्धाला आलंय आणि आता संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातून आपली सुटका नाही. काशीत अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी, त्यांची उतरायची सोय, जेवणखाण, हे आमच्या घराण्याचं पिढीजात काम. आता ते माझा दादा बघतो.

पुढे माझं लग्न झालं तेही खालच्याच, साताऱ्याच्या माणसाशी. आपल्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात आणि वडील यात्रेकरूंना यजमान म्हणायचे, त्यामुळे दोघांची तुलना करायचा मोह मला कधी आवरला नाही. वडिलांचे यजमान येताना दक्षिणा घेऊन यायचे आणि दोन-चार दिवसांत आपल्या गावी परत जायचे. माझे यजमान दक्षिणेचा हिशेब विचारतात, आणि परत जायचं रोज म्हणतात पण जात नाहीत.

हे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. बदली होऊन बनारसला आले तेव्हा दोन-तीन वर्षं काढायची आणि परत जायचं असा बेत होता. ती दोन-तीन वर्षं संपता संपता हे निवृत्त झाले. मधल्या काळात आमच्या घरात जड म्हणावी अशी एकही वस्तू आली नाही. कपाट घ्यायचं म्हटलं की "जाताना काय करायचं त्याचं?" झाड लावायचं म्हटलं तरी तेच, "जाताना काय करायचं त्याचं?" खाट घडीची, टेबल घडीचं, खुर्च्या एकात एक बसणाऱ्या. निवृत्तीनंतर रेल्वेचं क्वार्टर सोडून आम्ही इथंच सिगऱ्याला फ्लॅटमध्ये आलो, तोही भाड्याच्या. विकत घ्यायचा विषय मी काढलासुद्धा नाही.

आणि खोकी. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचं खोकं यांनी जपून ठेवलंय. मिक्सरचं, टीव्हीचं, पंख्याचं, इस्त्रीचं, फ्रिजचं तर घडी करून सुतळीने बांधलेलं. आत थर्मोकोलचे तुकडे जसेच्या तसे. खाली जाताना सामान नीट गेलं पाहिजे ना! मिक्सर बिघडला, नवा आला, पण जुन्या मिक्सरचं खोकं आपलं माळ्यावर सुखरूप. क्वार्टरमधून फ्लॅटमध्ये सामान हलवलं तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी ही खोकी कामाला येतील. तर टीव्ही चादरीत गुंडाळून आला आणि खोकी वेगळ्या फेरीत आली. "ती लांबच्या प्रवासासाठी आहेत," हे म्हणाले, "इथल्या इथे कशाला मळवायची?"

यांचा दुसरा उद्योग म्हणजे माझं मराठी सुधारणं. मी बनारसची, तेव्हा माझ्या मराठीत हिंदी शिरणारच. "पिंप खाली झालं," असं मी म्हटलं की पेपरामागून आवाज येतो, "खाली नाही, रिकामं म्हण. पिंप खाली कुठं गेलंय? होतं तिथंच आहे." संसारभर हे चाललंय. मी ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पिंप पुन्हा खाली होतं.

आमचा मुलगा शिकून पुण्याला गेला आणि नोकरीला तिथंच राहिला. हे निवृत्त झाल्यावर त्याने त्याच्याच इमारतीत एक फ्लॅट बघून ठेवला. "दिवाळीपर्यंत ठरवा," तो म्हणाला, "मालक थांबायला तयार आहे." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला आम्ही जवळ हवे होतो. यांनी "बघतो" म्हटलं.

मला जायचं नव्हतं. पुण्यात मी गेले की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मी दुकानात 'सब्जी' म्हणते आणि दुकानदार लगेच माझ्याशी हिंदीत बोलायला लागतो. काशीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'दक्षिणी', आणि पुण्यात मी यूपीवाली! पण हे सगळं यांना कसं सांगायचं? ज्या माणसाने तीसेक वर्षं परत जायची खोकी जपली, त्याला ऐन वेळी जाऊ नका म्हणायला माझी जीभ रेटेना.

अशात आमच्या जुन्या गाडीने मान टाकायला सुरुवात केली. ती यांनी बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून घेतली होती, म्हणजे मुळात जाणाऱ्या माणसाचीच गाडी. आता ती उन्हाळ्यात तापून बंद पडायची आणि हिवाळ्यात सुरूच व्हायची नाही. पावसाळ्यात ठीक चालायची, पण तेव्हा रस्ते नसायचे.

त्या दिवसांत दादाकडे नाशिकचे एक यजमान आले. त्यांनी विमानतळावरून भाड्याची गाडी केली होती. दादाने यांना सोबत म्हणून पाठवलं, कारण विमानतळापासून गोदौलियापर्यंतचा जाम नवख्या माणसाला सोसत नाही. रथयात्रा चौकात गाडी अडकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि यांच्या लक्षात आलं की इंजिनाचा आवाजच येत नाही. एसी मात्र चालू. यांनी स्वतःच्या गाडीच्या अनुभवावरून ताबडतोब निदान केलं, दार उघडलं, खाली उतरले आणि बाह्या सरसावून म्हणाले, "बंद पड गई. मैं धक्का देता हूँ." ड्रायव्हर हसून लोटपोट. "बैठिए चाचा, हायब्रीड है. बैटरी पर खड़ी है."

घरी आले ते वेगळेच होऊन आले. चहा निवत होता तरी बोलणं थांबेना. "अगं, उभं राहायला पेट्रोल लागत नाही तिला! हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की पेट्रोलवर. ब्रेक मारला की बॅटरी आपली आपण भरते. घरी तार लावायची भानगडच नाही." मी म्हटलं, "मग घ्या की." हे एकदम गंभीर झाले. "तसं नसतं. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा ती लाखांनी महाग पडते. तो वरचा पैसा पेट्रोलच्या बचतीतून वसूल झाला तर ती परवडली म्हणायची. नाही तर नुसता शौक."

त्यानंतर काही आठवडे आमच्या घरात 'परवडणं' या एका क्रियापदाखेरीज दुसरं काही शिजलं नाही. सगळं म्हणे रनिंगवर असतं. जितकी गाडी पळेल तितकी बचत. मग माझी उलटतपासणी सुरू झाली. आपण जातो कुठं? भाजीला, डॉक्टरकडे, क्वचित विमानतळावर, आणि माझ्या माहेरी. माहेरचा रस्ताही गाडीसाठी अर्धाच, गोदौलियाच्या अलीकडे गाडी सोडायची आणि पुढे गल्लीतून पायी. सगळी बेरीज करून हे हताश झाले. एवढ्याशा रनिंगवर वरचा पैसा वसूल व्हायला फार वर्षं लागत होती.

पण हिशेबनीस इतक्यात हार मानत नाही. यांना एक वाट सापडली, जाम! महामार्गावर हायब्रीडचा फायदा कमी, गर्दीत जास्त. म्हणजे बनारससारखं शहर नाही! पूर्वी जाम लागला की हे शहराच्या नावाने बोटं मोडायचे. आता जामची वाट बघू लागले. भाजीला म्हणून मुद्दाम शाळा सुटायच्या वेळेला निघायचे, कुठल्या चौकात किती वेळ उभं राहावं लागतं ते घड्याळात बघायचे आणि प्रसन्न चेहऱ्याने परत यायचे. "आज लंका चौकात मस्त जाम होता," असं म्हणत पिशवी ठेवायचे. पिशवीतला पालक तोवर मान टाकून बसलेला असायचा.

शेवटी एकदा आम्ही शोरूमला गेलो. तिथला विक्रेता पन्नाशीचा, गालात पान, बोलायला गोड. यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "बैटरी किधर है? खाली है क्या?"

विक्रेत्याला ते लागलं. "खाली काहे होगी साहब? एकदम फुल है."

"नहीं, नहीं. खाली! सीट के खाली!"

"सीट भी खाली है साहब," त्याने अदबीने मागचं दार उघडलं, "आप बैठिए तो सही."

एवढी वर्षं इथं काढून यांचं हिंदी अजून साताऱ्याच्या वळणाचं आहे. मी पदर तोंडाला लावून हसत होते. हे वाकून सीटखाली बघू लागले तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. "अच्छा, नीचे! हाँ, बैटरी नीचे ही है." यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. तू घरी पिंप 'खाली' केलं नसतंस तर ही वेळ आली नसती, असा त्या बघण्याचा अर्थ होता, आणि चूक यांची असूनही मला तो मान्य करावासा वाटला.

मग गाडीच्या गुणांची आरती झाली. हप्ते, विमा, बॅटरीची वॉरंटी. नोंदणीच्या टॅक्सवर यूपीत सूट मिळतेय हेही त्याने सांगितलं. आणि सहज, अगदी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारता सारता, त्याने विचारलं, "साहब, रनिंग आपकी कम है. कितने साल रखेंगे गाड़ी? लंबा रखेंगे तो पैसा वसूल है. दो-तीन साल में निकालनी हो तो पेट्रोल वाली ले लीजिए. और बाहर तो नहीं ले जानी? दूसरे राज्य में ले गए तो वहाँ का टैक्स अलग से लगेगा."

यांनी हप्त्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. एरवी आकड्यांना न घाबरणारा माणूस 'किती वर्षं' या साध्या प्रश्नाला घाबरला. "सोचके बताते हैं," म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

तिथं पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साधी पेट्रोल घेतली तर पुण्याला जायचं. हायब्रीड परवडायची असेल तर इथं राहायचं, आणि लांब राहायचं. ज्या गाडीत मला काडीचाही रस नव्हता तिची मी त्या क्षणापासून कट्टर पुरस्कर्ती झाले.

आता मी रनिंग वाढवायला लागले. "मी रोज माहेरी जाईन," मी जाहीर केलं. "रोज? आत्ता पंधरवड्यातून एकदा जातेस." "कारण तुमची गाडी बंद पडते." मग दर महिन्याला विंध्याचलच्या देवीला. मग सकाळी फिरायला सारनाथ. हे म्हणाले, "फिरायला म्हणजे पायी ना? मग गाडीने दहा किलोमीटर जाऊन पायी चालायचं?" मी म्हटलं, "तिथली हवा चांगली आहे." हे माझी प्रत्येक फेरी ऐकून घ्यायचे आणि त्यातून निम्मी कापायचे. हिशेबात खोटी रक्कम धरणं यांच्या रक्तातच नाही, तिथं बायकोची भीडही चालत नाही.

मुलाचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. पुण्याला जाऊन त्याचं मराठी इतकं स्वच्छ झालंय की मला कधीकधी परक्याशी बोलल्यासारखं वाटतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्याएवढ्या वापरावर हायब्रीड परवडत नाही. शिवाय दिवाळीनंतर तुम्ही इकडे येणार. गाडी इकडे आणली की पुन्हा टॅक्स. इथं तर गाडीची गरजच नाही, एक मोबाइल काढला की टॅक्सी दारात. सरळ हिशेब आहे."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. पोराचा हिशेब खरंच बरोबर होता, त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि हे तर बरोबर हिशेबापुढे मान तुकवणारे. म्हणजे आता जाणं आलं. मला रडू येत होतं आणि कणकेचा राग येत होता. त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या.

पुढच्या आठवड्यात दादाकडे पूजा होती म्हणून आम्ही जुन्याच गाडीने निघालो. रथयात्रेला नेहमीप्रमाणे अडकलो. आणि गाडी तापून, नेहमीप्रमाणे, बंद पडली. कोपऱ्यावरचा पानवाला टपरी सोडून धावत आला. रेल्वेत असल्यापासून हे त्याच्याकडे पान खातात. त्याने, एका रिक्षावाल्याने आणि कुणा अनोळखी विद्यार्थ्याने गाडी ढकलून बाजूला घेतली. पानवाल्याने इंजिनावर ओतायला पाणी आणलं, यांना पान लावून दिलं आणि खिडकीत डोकं घालून जुनीच थट्टा केली, "का साहब, अबकी साल पक्का जा रहे हैं न महाराष्ट्र?"

या प्रश्नाला यांचं ठरलेलं उत्तर आहे. "अगले साल पक्का," असं म्हणायचं आणि दोघांनी हसायचं. पण त्या दिवशी हे नुसते पान चघळत राहिले. पानवाला टपरीकडे परतला. गाडी निवायची वाट बघत आम्ही दोघं आत बसून होतो, चारी बाजूंनी हॉर्न.

"पुण्यात गाडी बंद पडली तर कोण येईल गं?" यांनी एकदम विचारलं.

"पुण्यात गाडी नसेलच. टॅक्सी दारात येणार."

"तेच म्हणतोय. म्हणजे बंदसुद्धा पडणार नाही." नंतर समोर बघतच म्हणाले, "वर्षं वाढवली तर बसतो हिशेब."

"कुठली वर्षं?"

"इथली."

मी मुद्दाम साध्या आवाजात म्हटलं, "मग वाढवा की. त्यात काय कापायचंय तुम्हाला?"

यांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही. गाडी निवली, सुरू झाली आणि आम्ही पूजेला उशिरा पोचलो. दादा चिडला होता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी भात लावत होते, बाहेर "गत्ता, रद्दी, लोहा" अशी कबाडीवाल्याची हाळी आली आणि हे गॅलरीतून ओरडले, "ए भाई, ऊपर आओ!" मला वाटलं पेपरची रद्दी. बाहेर येऊन बघते तर हे स्टुलावर चढलेले आणि डोकं माळ्यात.

"अहो, काय करताय?"

"उंदीर झालेत. स्टूल धर."

उंदीर गेली कित्येक वर्षं झालेले आहेत. मी स्टूल धरलं. वरून एकेक खोकं येऊ लागलं. इस्त्रीचं, पंख्याचं, मेलेल्या मिक्सरचं आणि जिवंत मिक्सरचं, टीव्हीचं, शेवटी सुतळी बांधलेलं फ्रिजचं. थर्मोकोलचा चुरा माझ्या केसांवर पडत होता. कबाडीवाला खोकी पायाने चेपून सपाट करत होता आणि प्रत्येक खोक्याला हे वरून किंचित कळवळत होते. यांच्याच्याने राहवलं नाही, "जरा धीरे, भाई," म्हणाले.

एवढी खोकी एकदम निघालेली पाहून कबाडीवाल्याने साहजिकच विचारलं, "का साहब, ट्रांसफर हो गया? जा रहे हैं?"

"नहीं भाई," हे माळ्यातूनच म्हणाले, "जाना नहीं है. इसीलिए निकाल रहे हैं."

माझे डोळे भरून आले, आणि धुळीचं निमित्त आयतंच होतं. तेवढ्यात यांनी फडकं मागितलं, म्हणून मी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्याने फडकं वर दिलं.

"शोरूममध्ये सांगितलं का?" मी विचारलं.

"सकाळीच. लंबा रखेंगे म्हटलं." थोडं थांबून म्हणाले, "एक बरं आहे, गाडीला खोकं येत नाही."

"आणि पोराला?"

"त्याला संध्याकाळी. हिशेब बदलला म्हणून सांगतो."

कबाडीवाला गठ्ठा डोक्यावर घेऊन जिना उतरला. यांनी माळा कोपऱ्यापर्यंत पुसला, जपून खाली आले, कमरेवर हात ठेवून वर बघितलं.

"चला," हे म्हणाले, "माळा खाली झाला."

मी इतकी वर्षं जे ऐकत आले ते यांना ऐकवायची ही पहिलीच संधी होती. ती मी सोडणार थोडीच! "रिकामा म्हणा," मी म्हटलं.

यांनी फडकं झटकलं.

"खालीच," म्हणाले. "इथं खालीच म्हणतात."